पापणीखालची रेघ

मंगळवार, १४ मार्च. सकाळपासून वारा. वन्संचा रिपोर्ट आणला. गालावरचा डाग कॅन्सरचाच निघाला. येताना ब्रेड, अंडी आणि कपड्यांचा साबण घेतला. वन्संनी दुपारी दुकान उघडलं, नेहमीच्या वेळी बंद केलं. रात्री दोघींनाही जेवण गेलं नाही. अंडी उकडलेली तशीच राहिली.

त्या दिवशी याहून जास्त लिहवलं नाही. रोजनिशीची सवय मला मिशनच्या शाळेत लागली. आमच्या सिस्टर सांगायच्या, काय घडलं ते वहीत लिहा, काय वाटलं ते देवाला सांगा. आयुष्यभर मी ते पाळलं. पण त्या दिवसांत घडलं थोडं आणि वाटलं फार, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी 'वन्सं म्हणायचं, अहोजाहो करायचं' असं बजावलं आणि ते जिभेवर बसलं ते बसलंच. त्या मात्र पहिल्या दिवसापासून मला 'वहिनी, तू' म्हणतात. त्यांनी लग्न केलं नाही. आमचे हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

सासरे घड्याळजी होते. मुलगा, म्हणजे आमचे हे, दुकानात बसेना. चाकं आणि स्प्रिंगा पाहिल्या की यांना झोप यायची. मुलगी मात्र शाळेतून थेट दुकानात जायची, म्हणून सासऱ्यांनी तिलाच काम शिकवलं. दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट. पुढे काचेचं कपाट, मागे उंच टेबल. टेबलाच्या कडेला एक कापडी झोळी आकड्यांनी अडकवलेली असते, तिचं दुसरं टोक वन्संच्या कमरेला. चिमट्यातून स्क्रू निसटला तर झोळीत पडावा, जमिनीवर नको. कुणी अचानक हाक मारली तर त्या झोळीसकट उठायला बघतात आणि मग हाक मारणाऱ्याचा उद्धार होतो.

बाजारात त्यांना घड्याळबाई म्हणतात. तोंडाने फटकळ.

"बाई, मी काहीच केलं नाही हो. आपोआप बंद पडलं."

"आपोआप? मग हे पाणी आत पोहत गेलं वाटतं."

गिऱ्हाईक हसत पैसे देऊन जातं आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगतं.

त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. त्याने उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, नाक-डोळे कळत नाहीत. "उजवा कमावतो, डावा घरी बसून खातो," असं त्या म्हणायच्या. काम सगळं उजव्या डोळ्यावर. काळं भिंग भुवई आणि गालाच्या मधे पकडायचं, हात न लावता, आणि तासन् तास तसंच बसायचं. उठल्यावर डोळ्याभोवती गोल वळ दिसतो. जुन्या घड्याळजींच्या गालावर तो कायमचाच असतो, सासऱ्यांच्याही होता. म्हणून वन्संच्या उजव्या डोळ्याखाली, जरा बाहेरच्या बाजूला, चहाचा थेंब वाळल्यासारखा डाग दिसायला लागला तेव्हा त्यांनीही म्हटलं, भिंगाची खूण. मीही म्हटलं, भिंगाची खूण. तो डाग वर्षानुवर्षं तिथे होता. चष्म्याचा नंबर काढायला गेल्या तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरने भिंगाचं काही ऐकून घेतलं नाही. कातडीच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे एक कण काढून तपासला, आणि मग तो मंगळवार.

सर्जन साधा, वयाने आमचा मुलगा शोभेल असा. त्याने कागदावर चित्र काढून सांगितलं.

"दिसतोय तेवढा डाग काढणं सोपं आहे. पण हा प्रकार कातडीच्या आतून पसरतो, रंग न दाखवता. वरून चांगली दिसणारी कातडी आतून बिघडलेली असते. किती, ते माहीत नसताना कापलं तर कमी पडेल आणि तो परत येईल, अजून खोल जाईल. जास्त कापायचं म्हटलं तर इथे जागाच नाही." त्याने स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "म्हणून आधी यंत्राने पाहून हद्द आखून घेऊ."

"पापणीच्या काठापर्यंत गेलं असेल तर?" वन्संनी विचारलं.

"तर काठाचा तेवढा भाग काढावा लागेल. वरच्या पापणीचा आतला थर खाली घेऊन नवा काठ करायचा. तो धरेपर्यंत काही आठवडे डोळा बंद. मग उघडायचा."

"उघडल्यावर पूर्वीसारखा?"

"बहुतेकांचा होतो."

बाहेर रस्त्यावर आलो. त्या फुटपाथवरच थांबल्या, हातातली पिशवी छातीशी धरून.

"बहुतेकांना दुसरा डोळा असतो, वहिनी," त्या म्हणाल्या.

मी पिशवी घेतली त्यांच्या हातून.

यंत्र दुसऱ्याच दवाखान्यात होतं. ते चालवणारी डॉक्टर शांत बाई होती, आमच्यात आम्ही तिला रेघवाली म्हणायला लागलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिने बोलावलं. खोली लहान, पडदे ओढलेले, एक पलंग, एक पडदा टीव्हीसारखा. हातात मावेल असं यंत्राचं तोंड, त्याला पारदर्शक जेल लावून ते गालावर टेकवायचं, की कातडी न कापता आतल्या पेशी पडद्यावर दिसतात. मला तिने बाजूच्या स्टुलावर बसू दिलं.

"ही चांगली कातडी," ती म्हणाली. पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी करडी जाळी होती, घरं एकसारखी. मग तिने तोंड जरा सरकवलं. जाळी विस्कटली आणि तिच्यात पांढरे, चमकणारे गोळे दिसले, काहींना फाटे फुटलेले. "आणि हे ते."

वन्संच्या गालाकडे पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. साधी, सुरकुतलेली, रोज पाहते ती कातडी. डाग तिथून चांगला लांब होता.

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. यंत्र टेकवायचं, पडद्याकडे पाहायचं, काढायचं, जांभळ्या पेनाने ठिपका द्यायचा. पुन्हा जरा पुढे. खालच्या बाजूला जाळी लवकर नीट झाली, ठिपके डागाच्या जवळच राहिले, तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. मग ती वर सरकली. चमकणारे गोळे संपेनात. ठिपका, अजून वर ठिपका. बाहेरच्या कोपऱ्याशी पेन थेट पापणीच्या केसांना जाऊन टेकलं. शाळेत पाठ केलेली प्रार्थना, जी आमच्या घरातली नाही, ती माझ्या तोंडात आपोआप सुरू झाली. वन्संना पडदा दिसत नव्हता, पण पेन कळत होतं. त्यांची बोटं चादरीवर चिमटा धरल्यासारखी झाली होती.

शेवटी तिने ठिपके जोडले. खाली गुळगुळीत गेलेली रेघ वर वेडीवाकडी होती, कोपऱ्याशी टोक काढून काठापर्यंत गेलेली. तिने फोटो घेतले, रेघेवर पारदर्शक पट्टी चिकटवली आणि सांगितलं, "उद्यापर्यंत पाणी नाही, साबण नाही, हात नाही. सर्जनना हीच रेघ कामाची. त्यांना डोळ्यांनी काही दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन दुपारी होतं. सकाळी वन्सं म्हणाल्या, "दुकानाचं कुलूप नीट लागलंय का बघून येते." मी म्हटलं, "आज कशाला?" त्या गेल्या. मला वाटलं, बसवत नसेल घरात. मला तरी कुठे बसवत होतं! मी दवाखान्याची पिशवी तीनदा भरली आणि तीनदा काढली.

त्या आल्या त्या थेट आपल्या खोलीत गेल्या. निघायची वेळ झाली म्हणून बाहेर आल्या तेव्हा दाराच्या उजेडात मला चेहरा दिसला. पट्टीला काल नाकाच्या बाजूला एक चुणी होती, ती नव्हती. आणि रेघ फार सुरेख होती. वेडीवाकडी नव्हती. कोपऱ्यावरचं टोकही नव्हतं. रेघ काठापासून तांदळाच्या दाण्याएवढी खालून, सुबक वळण घेऊन गेली होती.

"वन्सं, पट्टी कुणी काढली?"

"कोण काढणार? सुटली जरा. बसवली परत."

"आणि रेघ?"

"काय रेघेला? चल, उशीर होतोय."

"काल ती वर गेली होती. कोपऱ्याशी. केसांपर्यंत."

"गेली असेल."

"असेल नाही, गेली होती. मी बघत होते."

"तुला काय दिसतंय एवढं? दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले तुझे!"

मी पिशवी खाली ठेवली आणि दारासमोर उभी राहिले. अशी मी घरात कधी उभी राहिले नव्हते, तेही त्यांच्यासमोर. त्या भिंतीला टेकल्या. मग एकदम सगळं बाहेर आलं.

दुकानात गेल्या तर टेबलावर एका बाईचं छोटं घड्याळ झाकण काढलेलं पडलं होतं. वाटलं, एवढं बंद करू, उघड्यावर नको. हाताने बाटलीतल्या स्पिरिटचा बोळा उचलला, भिंगाची कड पुसली आणि भिंग डोळ्याला लावलं. सकाळी कामाला बसताना रोज हेच करतात. डोळा चरचरला तेव्हा भान आलं. कडेने पट्टी उचकटली होती, स्पिरिट आत शिरलं होतं. बोळ्याने टिपायला गेल्या तो बोळा जांभळा झाला.

"वरची सगळी रेघ गेली, वहिनी. खालची राहिली. मी रडले तिथे बसून. मग आरसा घेतला. दुरुस्तीच्या घड्याळांच्या पुड्यांवर नंबर घालायचं जांभळं पेन होतंच."

"मग जिथे होती तिथे का नाही काढली?"

त्या पायाने पायपुसणं सरळ करत राहिल्या.

"आठवत नव्हतं?"

"आठवत होतं." आवाज इतका लहान की मी पुढे वाकले. "हात तिथे गेलाच नाही. दाण्याएवढ्याने काय होतंय गं? माझा एकच आहे."

"आणि त्या दाण्यात राहिला तर?"

"तू बोलणार नाहीस," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही. एवढं गप्प बस."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खाली टॅक्सी थांबलेली होती.

त्या टॅक्सीत वाटली तेवढी भीती मला हे गेले तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा करण्यासारखं काही माझ्या हातात नव्हतं. आता होतं. बोलले तर वन्संचा एकुलता एक डोळा मी बंद करवला असं होणार, आणि तो 'बहुतेकांत' बसला नाही तर त्या जन्मभर माझ्या हाताला धरून चालणार, मला एक शब्दही न बोलता. नाही बोलले तर वरून चांगल्या दिसणाऱ्या कातडीखाली ते पांढरे गोळे राहणार आणि ते फक्त मला ठाऊक असणार. सिग्नल लागला की बरं वाटायचं, सुटला की मी पिशवीचे बंद मुठीत आवळायचे. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. पाट्या वाचत होत्या बहुधा, ओठ हलत होते.

दवाखान्यात त्यांना गाऊन दिला, केस टोपीत घातले. मला म्हणाले, आत नेईपर्यंत थांबा. सर्जन आला. त्याने डोक्यावर भिंगांचा चष्मा चढवला, दिवा ओढला आणि पट्टी काढून वाकला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते.

"छान आखून दिलंय," तो नर्सला म्हणाला. "काठ वाचतोय. आपण या रेघेनेच जायचं."

काठ वाचतोय, हे वन्संनी ऐकलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले. मी पायथ्यापासून पुढे झाले.

"ती रेघ माझी आहे," वन्सं म्हणाल्या.

सर्जन वाकलेलाच होता. "तुमची म्हणजे?"

"खालची त्या बाईंची. वरची माझी. त्यांची दुकानात पुसली गेली, मी काढली. त्यांची वर होती, काठाला लागून." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "मला ठाऊक होतं."

तो सरळ झाला. चष्मा काढून हातात धरला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नर्सकडे वळून म्हणाला, "आज रद्द." मग आम्हाला म्हणाला, "फोटो आहेत माझ्याकडे. पण काठाजवळचा मिलिमीटर फोटोवरून कळत नाही. उद्या सकाळी परत यंत्रावर, आणि तिथून सरळ इकडे. मधे घरी जायचं नाही. दुकानात तर नाहीच."

बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. वन्संच्या पायांत दवाखान्याच्या सपाता तशाच होत्या.

"का सांगितलंत?" मी विचारलं.

"झाकणाच्या आत आम्ही खूण करतो," त्या म्हणाल्या. घड्याळाच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुरुस्त करणारा सुईने ओरखडून आपली खूण आणि तारीख घालतो, हे मी सासऱ्यांच्या वेळेपासून ऐकत आले होते. पुढचा घड्याळजी झाकण उघडतो, ती खूण वाचतो आणि कुणी काय केलं ते समजून पुढे जातो. "दुसऱ्याची खूण कुणी खोडत नाही. त्याच्या नावाने आपली घालत नाही. इतक्या विश्वासाने वाकला होता गं तो पोरगा." मग नाक पुसून, "आणि तू मेली बोलणारच होतीस."

"बोलणार होते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघवालीने रेघ पाहिली, वन्संनी सांगितलं ते ऐकलं, आणि "स्पिरिट?" एवढंच विचारलं. मग दिवे मंद केले. या वेळी वन्संनी माझा हात धरला होता. मी पडद्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाहिलंच. गोळे तिथेच होते. पेन पुन्हा कोपऱ्याशी जाऊन केसांना टेकलं. वन्संची नखं माझ्या तळव्यात रुतली. कुठेतरी मनात मला वाटत होतं की खरं बोलल्याबद्दल ती रेघ जरा खाली येईल. ती आली नाही. त्या दाण्याएवढ्या जागेत, जिथून वन्संचं सुबक वळण गेलं होतं, तिथे पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता.

ऑपरेशनमध्ये काठाचा बाहेरचा भाग गेला. नवा केला आणि डोळा बंद केला.

ते आठवडे मी सविस्तर लिहीत नाही. वन्सं भिंतीला हात लावत संडासापर्यंत जात, ताटात घास शोधत, आणि कुणी आलं की आवाजावरून ओळखून आधी टोमणा मारत, म्हणजे आपल्याला दिसत नाही हे समोरच्याला जाणवू नये. निजायचं उशांना टेकून, बसल्यासारखं. मला भीती दोन गोष्टींची होती आणि दोन्हींची एकदम वाटायची नाही. एक झोपली की दुसरी उठायची. कापलेल्या कातडीचा रिपोर्ट आधी आला. सगळ्या कडा स्वच्छ, असं सर्जनने फोनवर सांगितलं. मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि हात पट्टीकडे गेला. राहिली ती दुसरी, डोळ्याची भीती.

उघडायच्या दिवशी सकाळी मी अंधारातच कपडे केले. दवाखान्यात त्यांना खुर्चीवर बसवलं, सर्जनने सुन्न करायचे थेंब घातले, बारीक कात्रीने दोन पापण्यांमधला जोड कापला आणि बाजूला झाला. डोळा लाल, सुजलेला, पाण्याने भरलेला. काठ जरा जाड आणि कोपऱ्याशी किंचित खाली ओढलेला.

"समोर बघा. काय दिसतंय?"

वन्सं माझ्याकडे पाहत होत्या. पाहत होत्या की नुसतं तोंड माझ्याकडे होतं, मला कळेना. पाणी गालावरून वाहत होतं, त्या पुसत नव्हत्या. सर्जनने पुन्हा विचारलं. मी कपाटाची कड धरली.

"हिचा स्वेटर उलटा आहे," वन्सं म्हणाल्या. "शिवण बाहेर आलीय. खांद्याशी एक टाका तुटलाय."

मी खाली पाहिलं. खरंच उलटा होता. सगळ्या रस्त्याने, टॅक्सीत, दवाखान्यात, मी तसाच घालून आले होते.

सर्जन म्हणाला, भिंग या डोळ्याला काही महिने नाही, नंतर पाहू, आणि मग तारेने डोक्याला अडकवायचं, गालाने पकडायचं नाही. दर तीन महिन्यांनी यंत्रावर यायचं, काही दिसत नसलं तरी. "दिसत नसलं तरीच," वन्सं म्हणाल्या. पुढच्या तारखेच्या आठवड्यात मला झोप लागणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. त्यांनाही लागणार नाही, पण त्या सांगणार नाहीत.

त्या संध्याकाळी रोजनिशीत मी लिहिलं: उशांचे सगळे अभ्रे धुऊन वाळत घातले. एक वाऱ्याने खालच्या शेजारणीच्या गच्चीवर पडला. उद्या आणायचा.